आमीचं मी

कामोठे,
रविवार सकाळ

प्रिय हेतल,

तुझं पत्र येऊन आज अकरा दिवस झाले. इतका उशीर मी लावत नाही, हे तुला माहीत आहे. वही आज दिली की उद्या तपासून परत, अशी माझी ख्याती होती. पण हे उत्तर मी चारदा लिहायला घेतलं आणि चारदा फाडलं. मघाशी ह्यांनी डोकावून पाहिलं आणि म्हणाले, "अजून हेतलचंच चाललंय?" ह्यांना तुम्ही मुलं 'बाईंचे सर' म्हणायचात, आठवतं का? बँकेत नोकरी केलेल्या माणसाला सर म्हणवून घ्यायला फार आवडायचं. आता माझ्याकडे पाहून न पाहिल्यासारखं करतात, आणि चहा आपणच करून आणतात.

तुझ्या पत्रात शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. मी शोधली, लाज वाटते सांगायला, पण शोधली. काहीतरी दुरुस्त करायला मिळालं असतं तर बाकीचं वाचायचं टळलं असतं. तू लिहिलं आहेस की तुझ्या आईच्या हातून जे घडलं त्याबद्दल तिच्या वतीने तू माझी माफी मागतेस. शाळेला दिलेला तिचा लेखी खुलासा तू वाचलास. त्यावर माझं अक्षर पाहिलंस, आणि मग तुझ्या मनात शंकेला जागाच उरली नाही. तेव्हापासून तू आईशी बोलत नाहीस. बुधवारी कोर्टात तिच्या शेजारी उभं राहणं तुला जमणार नाही, म्हणून तू कोल्हापूरहून येणारही नाहीस. एवढं सगळं तू माझ्या अक्षराच्या भरवशावर ठरवलंस, हेतल. ते पत्र मी उशीखाली ठेवलं होतं. मग तिथून काढून पिठाच्या डब्यामागे ठेवलं. घरात त्याला कुठेच जागा मिळेना.

काय घडलं ते तुला ठाऊक आहे, तरी पुन्हा लिहिते. हे पत्र आणखी कुणी वाचलं तर त्यालाही कळायला हवं. फेब्रुवारीतल्या एका शनिवारी सहावीतली मिताली शाळेच्या वाचनालयात कोंडली गेली. ती शेवटच्या कपाटामागे वाचत बसली होती. दार लावण्याआधी सगळ्या रांगांमधून फिरून "कोणी आहे का?" असं विचारायचा नियम आहे. वाचनालय बंद करायचं काम तुझ्या आईचं, भामाचं; त्या दिवशी ती फेरी झाली नाही. दोन तास ती पोर दार बडवत राहिली. शाळा सुटलेली, शिपाई पुढच्या फाटकाशी, आणि वाचनालय दुसऱ्या मजल्याच्या पार टोकाला. शेवटी ती खिडकीतून उतरायला गेली आणि सायकलींच्या शेडच्या पत्र्यावर आदळून खाली पडली. दोन ऑपरेशनं झाली. आजही ती कुबडी घेऊन चालते. तुझ्या आईला कामावरून काढलं, तिच्यावर निष्काळजीपणाचा खटला भरला, आणि येत्या बुधवारी त्यात माझी साक्ष आहे. खुलासा मी लिहून घेतला म्हणून सरकारी बाजूने बोलावलेली साक्षीदार मी. भामाला शिक्षा झाली तर ती माझ्या तोंडून होणार.

तुला आपली कादंबरी आठवते? मिठागराची? इतकी वर्षं शिकवली की तिचं नाव घ्यायची मला गरजच वाटत नाही. नुसतं 'आपली कादंबरी' म्हटलं की झालं. भर भरतीला बांधाची उघाडी कुणीतरी उघडली, खारं पाणी शेतात शिरलं, सगळं गाव बुडालं, आणि आळ आला बुधाजी नावाच्या मजुरावर. खरं तर हुकूम दिला होता मिठागराच्या आनंदा नावाच्या कारकुनाने. आणि भर कचेरीत उभी राहून ते सांगते त्याचीच बायको, शकू. 'शकूच्या व्यक्तिरेखेतील नैतिक धैर्य स्पष्ट करा, गुण पाच.' या प्रश्नाचं उत्तर मी एकोणतीस वर्षं सांगून लिहून घेतलं. सत्य, त्याग, निर्भयता, आणि शेवटी एक सुविचार. माझ्या मुलांचे या प्रश्नाचे गुण कधी जात नसत.

आणि उघाडी म्हणजे काय, हे मला माहीत नव्हतं. मी पुण्याकडची, 'बांधातला उघडा भाग' असं खुशाल सांगत होते. तू दहावीत हात वर करून म्हणालीस, "बाई, तसं नसतं." दुसऱ्या दिवशी तू तुझ्या आजोबांनाच घेऊन आलीस. काशीरामबाबा धुतलेली टोपी घालून फळ्यासमोर उभे राहिले. सारा जन्म मिठागरात गेलेला, पण वर्गासमोर घाम फुटला होता त्यांना. त्यांनी सांगितलं की ओहोटीला पाणी बाहेर जाऊ द्यायचं आणि भरतीला आत येऊ द्यायचं नाही, म्हणून बांधात जे दार असतं ती उघाडी. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "उघाडीची फळी एकल्यानं नाय उचलत, बाई. दोगं लागतात." तू लगेच उभी राहून म्हणालीस की मग बुधाजीने एकट्याने उघाडी उघडली असं मानणारी ती कचेरी येडीच होती. सगळा वर्ग हसला. मीही हसले. बुधवारच्या कचेरीत ते वाक्य कुणी म्हणेल का, याचा विचार मी आता रोज करते.

त्या वर्षी सहामाहीत तू वेगळंच उत्तर लिहिलं होतंस. शकू धाडसी आहेच, पण बुधाजी गप्प का राहिला हे कुणी विचारत नाही, असं. त्याने कारकुनाच्या घरातली लहान पोरं पाहिली आणि तोंड मिटलं. दुसऱ्याचं दुःख कळणं हेसुद्धा धैर्य असतं, असं तू लिहिलंस. मी त्याला पाचातले अडीच दिले. उत्तर मी सांगितलेलं नव्हतं ना. शेवटी तू मला एक प्रश्नही विचारला होतास: "बाई, शकू घरी गेल्यावर काय झालं?" कादंबरी कचेरीतच संपते. मी म्हणाले, ते परीक्षेला येत नाही. आणि तुझ्या वहीत जिथे जिथे 'आमी' होतं तिथे तिथे लाल पेनाने 'आम्ही' केलं, समासात लिहिलं, 'ह कुठे गेला?' सुकापूरच्या, बेलपाड्याच्या किती मुलांच्या वह्यांत मी तो ह घातला असेल, त्याची गणती नाही.

मागच्या आठवड्यात मी सुकापूरला गेले होते. तुझी आई नाक्यावर भाजी घेऊन बसते हे तुला कुणी सांगितलं का? चवळी, अंबाडी, थोडी वांगी. मला पाहून तिने पहिल्यांदा गोणपाट झटकलं आणि मला बसायला दिलं. मी काही बोलायच्या आत तिनेच विचारलं, "हेतल बरी हाय ना, बाई? मना फोन नाय करत." मी म्हटलं, परीक्षा असेल. एवढंच मला सुचलं. मग मी म्हणाले, भामा, बुधवारी मी खरं काय ते सांगणार आहे. तिने इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, "तिला नका सांगू. तिचा तुमच्यावर लय जीव हाय. माझ्यावर रागावली तं रागावू दे, मी आई हाय, आज ना उद्या येल. तुमच्यावरनं मन उडाला तं ती पुस्तकाला हात नाय लावायची." आणि माझ्या पिशवीत अंबाडीची जुडी घातली. ती जुडी मी घरी आणली, निवडली, शिजवली आणि ताटावर बसून न जेवताच उठले.

आता ते दार. तू शाळा सोडल्यानंतर एका पावसाळ्यात वाचनालयाचं दार खाली बसलं. बिजागरी निसटली आणि फळी उंबऱ्याला घासायला लागली. सुताराला बोलवू बोलवू म्हणता दोन वर्षं गेली. तोवर सगळ्यांना सवय झाली होती: एकाने फळी दोन्ही हातांनी उचलून धरायची, दुसऱ्याने कडी सरकवून कुलूप घालायचं. ते दार एकट्या माणसाकडून लागतच नव्हतं, हेतल. शाळेत हे कुणाला माहीत नव्हतं? शिपायांना, शिक्षकांना, मोठ्या वर्गातल्या पोरांनासुद्धा माहीत होतं. मिताली पडली आणि पुढच्याच महिन्यात ते दार काढून तिथे नवं लोखंडी बसवलं. एका बोटाने लागतं. खटल्याच्या कागदांत फक्त 'दार' एवढंच आहे. मग दुसरं माणूस कोण होतं, हा प्रश्न कुणी विचारला नाही. सगळ्यांनी मूग गिळले आणि मी तर मुगाच्या शेंगाच गिळल्या.

त्या शनिवारी फळी मी उचलून धरली होती.

मला घाई होती. एक वाजता पनवेलात एका महिला मंडळात माझं व्याख्यान होतं. विषय सांगू? 'जुन्या कादंबरीतले नैतिक धैर्य'. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण मी किती वर्गांना शिकवली असेन. मी नवी साडी नेसले होते आणि रिक्षा खाली थांबली होती. भामा म्हणाली, "बाई, एक फेरी मारून येऊ का?" मी म्हणाले, राहू दे गं, सगळे गेलेत, मला उशीर होतोय, घाल कुलूप. ती थांबली. पुन्हा म्हणाली, "मागच्या कपाटाकडं तरी बघू." मी फळी उचललेलीच होती. हात भरून आले होते. जरा चिडूनच म्हणाले, किती वेळ धरू मी हे? तेव्हा तिने कुलूप घातलं. शेवटच्या कपाटामागे, खिडकीखाली मुलं जाऊन बसतात हे तिला पक्कं माहीत होतं, कारण ती जागा तुझी होती. तुला शोधायला म्हणून त्या कपाटापर्यंत लांबवलेली ती फेरी तू गेल्यावरही तिने कधी चुकवली नव्हती. ती पहिल्यांदा चुकली ती माझ्यामुळे. मी शकूबद्दल पाऊण तास बोलले. कचेरीचा प्रसंग आला तेव्हा माझा आवाज भरून आला, पुढच्या रांगेतल्या दोघीतिघींनी डोळे पुसले, टाळ्या झाल्या. त्याच वेळी मिताली दार बडवत होती.

सोमवारी मुख्याध्यापकांनी मला बोलावून सांगितलं की भामाला लिहिता येत नाही, तेवढा तिचा खुलासा लिहून घ्या. शिक्षकांच्या खोलीत आम्ही दोघीच होतो. तिचे डोळे सुजले होते. दोन दिवस दवाखान्याच्या जिन्यात बसून होती ती. मी कोरा कागद घेतला, समास आखला. तुझी आई म्हणाली, "लिवा, बाई. आमी दार लावला. आमी फेरी नाय मारली." एवढंच. तिने माझं नाव घेतलं नाही, माझ्यावर ढकललं नाही, स्वतःलाही वगळलं नाही. जे घडलं ते जसं घडलं तसं तिने एका शब्दात सांगितलं. आणि मी लिहिलं, 'मी दार लावले. दार लावण्यापूर्वी मी फेरी मारली नाही.'

वाचून दाखवलं तेव्हा तिने मान वर केली. "मी?" एवढंच विचारलं तिने. आणि मी, एकोणतीस वर्षं मराठी शिकवलेली बाई, शांतपणे म्हणाले, "खुलासा एकवचनातच लिहायचा असतो, भामा." असा नियम कुठल्या व्याकरणात नाही. माझ्या तोंडून तो इतका सहज निघाला, की क्षणभर मलाच खरा वाटला. ती म्हणाली, "बाईंना ठावं," आणि सही केली. ती सही मीच तिला शिकवली होती, मधल्या सुट्टीत, तू आठवीत असताना. 'भा'चा काना अजूनही तिच्या हातून ओळीच्या खाली जातो.

कितीतरी दिवस मी स्वतःला समजावलं की ती केवळ भाषेची दुरुस्ती होती. गावाकडची माणसं 'मी'च्या जागी 'आमी' म्हणतात, तसं ती म्हणाली असेल. पण तुझी आई असं कधीच म्हणत नाही. 'मी येऊ का', 'मी आई हाय'. स्वतःचं असेल तेव्हा ती 'मी'च म्हणते. 'आमी' म्हणाली ती आम्हा दोघींना. हेतल, एकोणतीस वर्षं मी आमीचं आम्ही केलं. त्या एका सोमवारी मी आमीचं मी केलं, आणि स्वतःला त्या शब्दातून काढून घेतलं. एका अक्षराने सुटले. शिक्षिका होते म्हणूनच जमलं ते, दुसऱ्या कुणाला सुचलंही नसतं.

मे महिन्यात मी निवृत्त झाले. निरोप समारंभ झाला. शाल, नारळ, आणि मुलांनी 'नैतिक मूल्यांचा दीपस्तंभ' असं लिहिलेलं मोठं भेटकार्ड. ह्यांना मी सगळं सांगितलं ते त्या कार्डानंतर. ह्यांनी ते कार्ड मिटून कपाटावर ठेवलं. मग म्हणाले, "तू खोटं कुठे बोललीस? फक्त गप्प आहेस." माझ्यावरच्या मायेपोटी बोलले, आणि मी त्या वाक्याला धरून दोन महिने काढले. कारकुनाला पाठीशी घालणारंही घरी कुणी असू शकतं, हे मी कधी शिकवलं नव्हतं. मला सांभाळणारा नवरा मिळाला, शकूसारखं माणूस मिळालं नाही. यात त्यांचा दोष नाही. शकू मी व्हायचं होतं.

मी प्रयत्न केला नाही असं समजू नकोस. पोलीस ठाण्याच्या फाटकापर्यंत गेले आणि समोरच्या दुकानातून एक वही विकत घेऊन परत आले. तुझ्या आईच्या वकिलांच्या जिन्याच्या चार पायऱ्या चढले. वर कुणाचं तरी दार वाजलं तशी उतरले. तिसरा प्रयत्न म्हणून मितालीच्या घरी गेले, आणि दार उघडलं तिच्या आईने. सांगायच्या आतच तिने माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, "बाई, तुम्ही लिहून घेतलंत म्हणून निदान खरं बाहेर आलं." मिताली पलंगावर बसली होती. कुबडी भिंतीला टेकवून ठेवलेली. तिने मला विचारलं, वाचनालयातलं ते पुस्तक अर्धंच राहिलंय, घरी मिळेल का? मी ते नेऊन दिलं. बाकी काही सांगितलं नाही. पुस्तक देऊन मी जिना उतरले तेव्हा मनात आलं ते फक्त एवढंच, की सुटले. इतकी वाईट आहे मी. हे कुणाला सांगू?

म्हणून तुला सांगते आहे, आणि हे पत्र क्षमेसाठी नाही. क्षमा तू करू नयेस. मी तुझ्या जागी असते तर केली नसती. हे लिहिलं, कारण माझा माझ्यावर भरवसा उरलेला नाही. बुधवारी अकरा वाजता साक्षीच्या पिंजऱ्यात उभी राहून मी खरं सांगेन असं आज वाटतंय. पण पोलीस ठाण्यात जाताना, तो जिना चढताना, मितालीच्या दाराशीही मला असंच वाटलं होतं. तुझ्या आईची सुटका माझ्या धैर्यावर टांगून ठेवायची नाही, एवढं तरी मला करता यावं. तुझ्या आईचा शब्द मोडून हे उद्या सकाळी टपालाने पाठवते. त्याची एक प्रत आजच फोटो काढून तुझ्या फोनवर येईल. ह्यांनाच पाठवायला सांगितलं आहे, म्हणजे मला मागे घेता येणार नाही. ते हो म्हणाले. आधी आईला फोन कर. मग हा कागद तिच्या वकिलांना दे. आणि बुधवारी ये, हेतल. आईच्या शेजारी, मला दिसशील अशी बस. मी चुकूनसुद्धा 'तिने' म्हणाले नाही, 'आम्ही दार लावलं' म्हणाले, तर ठीक. पण माझी जीभ पुन्हा एकवचनाकडे वळली, तर उभी राहा, आणि भर कोर्टात हे पत्र माझ्यासमोर धर. तेव्हा मी तुझी बाई आहे हे मनात आणू नकोस. शकू घरी गेल्यावर काय झालं, असं तू विचारलं होतंस. मला अजून माहीत नाही. बुधवारी संध्याकाळी कळेल.

तू म्हणू देशील तोवर तुझीच,
सुमतीबाई

(सही कामाला यावी म्हणून पूर्ण नाव: सुमती दीनानाथ पोंक्षे)